पोळ्याला गाडी जुंपत नाहीत

चारी चाकं ओढणारी गाडी घ्यायची हे आमच्या घरात मी ठरवलं. आधीच सांगून टाकते, कारण सगळी ब्राह्मणपुरी म्हणते की भूपेंद्रनं हौस केली. भूपेंद्र म्हणजे माझा नवरा, शहाद्याला एका कॉलेजात कारकून. त्याची हौस म्हणाल तर चहात वेलदोडा, त्यापुढे त्याची मजल जात नाही.

मला गाडी हवी होती आईसाठी. माझी आई जसोदाबाई नाल्यापलीकडच्या मळ्यात राहते. आमच्या गच्चीवरून तिच्या दारातला कडुनिंब दिसतो. पण पाऊस लागला की नाला भरतो, आणि पलीकडची पांदी, म्हणजे दोन शेतांमधली गाडीवाट, अशी फुगते की दिवाळीपर्यंत तिथं गाडी जात नाही आणि माणूस गेला तर चप्पल परत येत नाही. वडील गेल्यावर आईला गावात आणायचा आम्ही खूप प्रयत्न केला. ती म्हणते, मळा एकटा पडेल. तिच्या सोबतीला भुरीबाई असते, डोंगरातून आलेली, मळ्यातच खोपटं करून राहणारी. फोन लावला की भुरीबाई उचलते आणि आईच्या कानाला लावते.

गेल्या पावसाळ्यात मी फोनवर म्हटलं, "माय, मी कामिनी बोली ऱ्हायनू."

आई म्हणाली, "कोनती कामिनी?"

थोड्या वेळानं तिला आठवलं. मग हसली, मूग निघाले का म्हणून विचारलं. पण माझं काळीज हललं ते हललंच. पुढच्या पावसाळ्यात ही मला पुरती विसरली आणि मी गच्चीवर उभी राहून कडुनिंब बघत बसले तर काय करायचं? दिवाळी झाली तशी मी भूपेंद्रच्या मागे लागले. आबांनी, म्हणजे माझे सासरे चुनीलाल यांनी, बैलजोडी आधीच विकली होती आणि गोठा रिकामा होता. गाडी आली ती त्याच गोठ्यात उभी राहिली. आबा काही दिवस सवयीनं तिच्यापुढे कडबा टाकायचे, मग मी तो उचलून शेजारच्या म्हशीला द्यायचे.

पाऊस लागला आणि पहिला फोन आला नवलचा. नवल आमचा शेजारी, केळीवाला. त्याच्या भरलेल्या ट्रकची मागची चाकं बांधाला रुतली होती. "भूपेंद्र भो, फक्त पाच मिनिट." गाडी गेली, ट्रक निघाला, आणि नवलनं फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून आमचं वाटोळं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टर, मग दुधाची गाडी, मग त्या दुधाच्या गाडीला काढायला गेलेला दुसरा ट्रॅक्टर. कुणाची बोअरमध्ये अडकलेली मोटर गाडीला दोर लावून वर ओढली. कुणाची कललेली भिंत सरळ केली. पलीकडचा म्हणाला आता ती माझ्याकडे झुकली, म्हणून ती पुन्हा थोडी कलती करून दिली. लाइट गेली की भजनी मंडळी गाडीचे दिवे मागायला यायची. एका पोराला बघायला पाहुणे येणार होते तर गाडी त्याच्या दारात उभी करून ठेवली. त्याचं लग्न ठरलं. आता मुलीकडचे साखरपुड्याला गाडी येणार ना, असं आधी विचारतात आणि नवऱ्यामुलाचं मग.

भूपेंद्रला नाही म्हणता येत नाही. परमेश्वरानं त्याला जीभ दिली पण तो एक शब्द द्यायचा राहून गेला. मी रोज सकाळी आईसाठी काहीतरी डब्यात भरायची आणि रोज तो म्हणायचा, आज नवलचा ट्रक आहे, उद्या नक्की जाऊ. दुपारी तो डबा मीच खायची. त्या पावसाळ्यात मी अंगानं चांगली भरले.

एकदा माझं डोकं फिरलं. पाणी जरा ओसरलेलं दिसलं आणि मी पायीच निघाले. नाला पार केला, पांदीत शिरले आणि पिंढरीपर्यंत रुतले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. भूपेंद्रला फोन केला तर गाडी नवलच्या ट्रकला बांधलेली. म्हणाला, "पाच मिनिटात येतो." मी त्या चिखलात उभी राहून गाडीला, नवलला, त्याच्या केळीच्या सगळ्या पिढ्यांना इतक्या शिव्या दिल्या की बांधावरचे बगळे उडाले. शेवटी गावातले उदेसिंगदादा आपला म्हातारा बैल घेऊन आले आणि कासरा माझ्या कमरेला बांधून मला उलटी गावाकडे ओढून काढली. त्या बैलाचं नाव चांद्या. त्याचा जोडीदार मागच्या साली गेला, तेव्हापासून तो एकटाच आहे. गाडी घेऊनही मला बैलानं काढलं, याचं मला फार लागलं.

त्याच आठवड्यात भुरीबाई फोनवर म्हणाली की आई आता तिलाच कधीकधी कामिनी म्हणते. पोळा जवळ आला होता. आबा रिकाम्या दाव्यांकडे बघत उसासे टाकत होते, आणि त्यांच्याकडे बघता बघता मला युक्ती सुचली. स्वतःवरच इतकी खूश झाले की दोन पोळ्या जास्त लाटल्या.

मी म्हटलं, "आबा, बैलले वरीसमा एक दिन तरी सुट्टी ऱ्हास. आपली गाडी बैलनं सगळं काम करस. ट्रक वढस, मोटर वढस, गोठामा ऱ्हास. तिले सुट्टी कव्हय?"

आबा डोळे पुसून म्हणाले, "पोरी, मन्हा ध्यानमाच नही उनं. गोठामा उभी शे म्हंजे ती बैलच शे. औंदा आपन तिना पोळा करू."

माझा हिशेब साधा होता. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू लावत नाहीत हे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्या दिवशी कुणी गाडी मागायला येणार नाही, आणि मी सकाळीच तिच्यात बसून आईकडे जाणार.

आबांनी मात्र एकदा मनावर घेतलं म्हणजे घेतलं. आदल्या दिवशी खांदेमळणी असते, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. गाडीचा खांदा कोणता यावर ओट्यावर दुपारभर खल झाला. भूपेंद्र म्हणाला बंपर. आबा म्हणाले, "बंपर म्हंजे थोबाड. खांदा चाकनावर ऱ्हास." मग पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला अर्धी वाटी तूप चोळलं. संध्याकाळी बैलाच्या कानात आवतण देतात. आबांनी बाजूच्या आरशाला तोंड लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." मग दुसऱ्या आरशातही सांगितलं, कारण एका कानानं बैल ऐकत नाही.

आणि मग प्रश्न आला जोडीचा. एकट्या बैलाचा पोळा होत नाही. त्यावर उदेसिंगदादा पुढे आले. चांद्याला यंदा तोरणाखाली कोण घेणार, ही चिंता त्यांना कधीची लागली होती. "मन्हा चांद्या डावा चालस," ते म्हणाले. आबांनी विचार करून गाडी उजवी ठरवली, कारण तिचं स्टेअरिंगही उजवीकडेच आहे. दोघांनी एकमेकांना गुळाचा खडा दिला, सोयरीक जमल्यासारखा. मी कोपऱ्यात उभी राहून मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या पोळ्या डब्यात भरत होते.

पोळ्याच्या सकाळी गाडीला न्हाऊ घातलं, शिंगं समजून बंपरच्या दोन्ही टोकांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, टपावर झूल टाकली, बाजूच्या आरशांना घुंगरांच्या माळा बांधल्या. तेवढ्यात नवल धावत आला. ट्रक परत रुतला होता, व्यापारी वाट बघत होता.

आबा काही बोलायच्या आत मीच कडाडले. "नवलभाऊ, लाज नही वाटस का? पोळाना दिन बैल जुपतस का? आज तिले कोनी हात लावाना नही. गावना असो का घरना असो, आज कोनीच नही."

ओट्यावरची माणसं माना डोलावत राहिली. आबा अभिमानानं म्हणाले, "आयका मन्ही सून काय म्हनस ते." नवल मुकाट्यानं गेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सबंध पावसाळ्याचा राग निघाला.

गावाच्या वेशीत तोरण बांधलं होतं. चांद्या म्हातारा, त्याची चाल फार धिमी. गाडी त्याच्या जोडीनं चालवायची तर भूपेंद्रला गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून सगळ्यात हळू गिअर घालावा लागला, ज्यात पाय न लावता गाडी मुंगीसारखी सरकते. घेताना विकणाऱ्यानं सांगितलं होतं, हा गिअर डोंगर चढायला. आमच्याकडे तो चांद्याचा मान राखायला लागला. दोघं खांद्याला खांदा लावून तोरणाखालून गेले, पोरं ओरडली, ढोल वाजला. उदेसिंगदादा उघड उघड रडत होते.

घरी आलो, बायांनी ओवाळलं. मी डबा उचलला, किल्ली घेतली आणि म्हटलं, "चाला, मी जरा मायकडे जाई येस."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चांद्याचं मटण शिजवायला मागितलं. "कशी जाशी?"

"गाडीमा."

"पोळाना दिन?"

ओटा भरलेला होता. आणि नवल, मेला, सर्वांत पुढे बसला होता. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, गावना असो का घरना असो, आज कोनीच नही ना?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझ्याच तोंडानं मी गाडीला बैल केलं, माझ्याच तोंडानं दार लावलं, आणि आता मी बाहेर. मी चिडले, रडले, आबांना म्हटलं की ते लोखंड आहे. आबा शांतपणे म्हणाले, "कालदिन तूप चोळं तव्हय लोखंड नव्हतं का?" भूपेंद्र आभाळाकडे बघत होता.

तेवढ्यात भुरीबाईचा फोन आला. आई सकाळपासून ताट वाढून ओट्यावर बसली होती. तिचा मळा कधीचा बैलाविना पडलाय, पण तिनं पुरण घातलं होतं, आरती लावली होती, आणि दर थोड्या वेळानं विचारत होती की बैल कधी येणार. काही खायला तयार नव्हती. भुरीबाईला काय करावं कळत नव्हतं.

मी फोन तसाच आबांच्या कानाला लावला. आबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पोळ्याला बैल जुंपत नाहीत हे खरं, पण पोळ्याला बैल घरोघर ओवाळायला नेतात हेही तितकंच खरं. कुठल्या तरी दारात ताट वाढलेलं असताना बैल न जाणं, हे त्यांच्या दृष्टीनं जुंपण्याहून मोठं पाप होतं.

"जावंच पडी," ते उठत म्हणाले. "पन एक आयकी ल्या. बैल सवताना पायखाले चालीन. त्यावर कोनी बठाव नही. वझं ठेवाव नही."

"मंग स्टेअरिंग कोन धरी?" भूपेंद्रनं विचारलं.

"बैलनी म्होरकी भाईरतून धरतस," आबा म्हणाले.

असे आम्ही निघालो. पुढे ढोल, मग डावीकडे चांद्या आणि उजवीकडे गाडी. गाडीत कुणी नाही. इंजिन चालू, हळू गिअर टाकलेला, आणि माझा नवरा, शिकलासवरलेला माणूस, दारालगत चालत खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरलेला. मागे आबा, उदेसिंगदादा, नवल आणि निम्मं गाव. मी डबा डोक्यावर घेतला, कारण तो गाडीत ठेवणं म्हणजे वझं. पाच माणसांची सीट रिकामी, आणि माझ्या मानेत कळा.

नाल्यात पाणी मांडीपर्यंत होतं. गाडी न थांबता शिरली. भूपेंद्रचा पाय घसरला, तो खिडकीला लोंबकळला. आबा काठावरून ओरडले, "वझं! वझं!" त्यानं बिचाऱ्यानं पाय पुन्हा पाण्यात टाकले. चांद्या मधोमध थांबून पोटभर पाणी प्यायला, म्हणून भूपेंद्रनं हात लांबवून किल्ली फिरवली आणि गाडीलाही थांबवलं. जोडी मोडायची नाही म्हणून आम्हीही तिघी-चौघी बाया ओल्या लुगड्यांनी तिथंच उभ्या राहिलो.

पांदी लागली आणि माणसं रुतायला लागली. आधी ढोलवाला गेला, मग नवल. गाडी आपली सरकतेय, चांद्या सरकतोय, आणि आम्ही एकेक करून मागे राहतोय. उदेसिंगदादांनी गाडीच्या मागच्या हुकाला लांब कासरा बांधला आणि सगळ्यांना धरायला सांगितलं. आबांनी चिखलातूनच हात वर करून सगळं थांबवलं. हे जुंपणं झालं का? दोघा म्हाताऱ्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून त्यावर बोलणी केली. शेवटी ठरलं की कासरा माणसानं कमरेला बांधला तर ते जुंपणं, हातानं धरला तर ते बैल फिरवणं. मग आम्ही सगळ्यांनी हातानं धरला, आणि त्या रिकाम्या गाडीनं निम्मी ब्राह्मणपुरी पांदीतून ओढत नेली. नवल माझ्या पुढेच होता. म्हणाला, "वहिनी, गाडी फार उपयोगनी शे." हात मोकळे असते तर मी त्याला तिथंच पुरला असता.

पण कडुनिंब जवळ येत होता. बघता बघता मला सगळ्याचा विसर पडला. मनात एकच होतं की तिनं मला बघून माझं नाव घ्यावं. मोठ्यानं नाही घेतलं तरी चालेल.

आई ओट्यावर उभी होती. वाळून काटकी झालेली, पण लुगडं धुतलेलं, कपाळाला मोठं कुंकू. हातात ताट. इतकी माणसं बघून ती दचकली नाही. तिनं चांद्याचे पाय धुतले, ओवाळलं, पोळी भरवली. मग गाडीकडे आली, वाकून चारी चाकांवर पाणी घातलं, एकेका चाकाला हात लावून पाया पडली. पुढच्या जाळीत पोळी खोचली आणि म्हणाली, "खाय रे मन्हा राजा." कुणी हसलं नाही. आबांनी टोपी काढली.

बैल घेऊन येणाऱ्याला सुपातून ज्वारी देतात. आई सूप घेऊन आली. भूपेंद्रकडे बघितलं, पण तो पुरा चिखलाचा झाला होता आणि दाराला टेकून धापा टाकत होता. मग माझ्याकडे आली. मी पदर पसरला. तिनं ज्वारी ओतली, माझ्या गालावरचा चिखल पुसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू कोननी शे वं बाई?"

मला वाटलं माझे पाय पुन्हा रुतले. कसंबसं म्हटलं, "ब्राह्मणपुरीनी."

"मन्ही पोर बी तठेच देयेल शे. कामिनी. वळखस का तिले?"

"वळखस."

"जरा भडक डोकानी शे," आई म्हणाली. मागे नवल खोकला. "पन मननी चांगली शे. ती आज येनार शे. तिनी गाडी लियेल शे, चारी चाके वढस अशी. मन्हाकडे येवाकरताच लियेल शे. पांदीमा अटकत नही म्हनतस." मग तिनं इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "तिनाकरता एक पोळी ठेयेल शे. तू बी दमी गयी दिखस. ये, अर्धी तू खाय. ती काही बोलाव नही."

भूपेंद्रनं खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. मी आईशेजारी ओट्यावर बसले. तिनं पोळी मोडली, माझ्या हातात अर्धी दिली, वर तूप घातलं, आणि उरलेली अर्धी ताटलीखाली झाकून ठेवली. मी रडत रडत खाल्ली. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, हळू खाय, घाई नाही. मग आम्ही दोघी पांदीकडे तोंड करून कामिनीची वाट बघत बसलो.